मर्कोपाल : रस्त्याने वसवलेले गाव

एड्रियाटिक समुद्राच्या काठावरील रियेका हे क्रोएशियाचे सर्वांत मोठे बंदर. तेथून पूर्वेकडे निघालेला रस्ता चढू लागतो आणि तासाभराच्या आत किनाऱ्याची ऊब मागे पडून बीच व फर वृक्षांचे दाट अरण्य सुरू होते. या प्रदेशाला गोर्स्की कोटार, म्हणजे ‘डोंगराळ मुलूख’, असे म्हणतात. या मुलखात समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर, डोंगरांनी वेढलेल्या एका सपाट माळाच्या कडेला मर्कोपाल हे गाव वसले आहे.

गावाच्या नावाचा उच्चार ऐकताना मराठी माणसाला एक गंमत जाणवते. नावात ‘म’नंतर थेट ‘र’ आणि लगेच ‘क’ येतो. मध्ये स्वरच नाही. क्रोएशियन भाषेत ‘र’ हाच अशा ठिकाणी स्वराचे काम करतो. संस्कृतातला जो ऋकार आपण आता ‘रु’ असा उच्चारून मोकळे होतो, त्याच्याशी नाते सांगणारा हा ध्वनी तेथील शेतकऱ्याच्या तोंडी आजही सहज येतो. लेखनाच्या सोयीसाठी मात्र मी ‘मर्कोपाल’ असेच लिहितो.

मी तेथे गेलो तो निसर्ग पाहण्यासाठी खराच. पण मनात आणखी एक प्रश्न होता. माझ्या दवाखान्यात येणाऱ्या ज्येष्ठ मंडळींपैकी अनेकांची मुले परगावी किंवा परदेशी आहेत. घर स्वतःचे, औषधपाणी परवडणारे, तरीही ‘रात्री काही झाले तर कोण?’ ही चिंता प्रत्येकाच्या बोलण्यात असते. तरुण पिढी ज्या गावातून पिढ्यान् पिढ्या बाहेर पडत आली, तेथे मागे राहिलेली म्हातारी माणसे कडक हिवाळा कसा काढतात, हे मला पाहायचे होते.

एक रस्ता आला, दुसरा दूर गेला

मध्ययुगात हा मुलूख फ्रांकोपान आणि झ्रिन्स्की या दोन मातब्बर सरदार घराण्यांकडे होता. उस्मानी तुर्कांच्या स्वाऱ्या सुरू झाल्या तेव्हा येथील वस्त्या उठत गेल्या आणि अरण्य पुन्हा पसरले. पुढे व्हिएन्नाच्या सम्राटाविरुद्ध कट केल्याच्या आरोपावरून १६७१ मध्ये या दोन्ही घराण्यांच्या प्रमुखांचा शिरच्छेद झाला आणि त्यांच्या जहागिरी जप्त झाल्या.

गावाचे नशीब उघडले ते अठराव्या शतकात. सम्राट सहावा चार्ल्स याला समुद्री व्यापार वाढवायचा होता. त्याने १७१९ मध्ये रियेका आणि त्रिएस्ते ही खुली बंदरे म्हणून जाहीर केली. पण बंदरापर्यंत माल पोहोचवायचा कसा? मधे हा डोंगर आडवा. म्हणून १७२६ मध्ये कार्लोव्हाट्स या शहरापासून समुद्रापर्यंतच्या रस्त्याचे काम सुरू झाले. सम्राटाच्या नावावरून त्याला ‘कारोलिना’ म्हणतात. तो रावना गोरा, मर्कोपाल, फुझिने या गावांतून खाली बाकारच्या बंदराकडे उतरतो.

रस्ता आला आणि त्याच्या पाठोपाठ माणसे आली. चढावर बैल आणि घोडे बदलावे लागत. गाडीवानाला मुक्काम, जनावराला वैरण, चाकाला लोहार आणि खुराला नालबंद लागे. मर्कोपालमध्ये जमीन थोडी आणि उन्हाळा आखूड. गहू धड पिकत नाही, बटाटा आणि कोबी तेवढे साथ देतात. अशा ठिकाणी माणसे टिकली ती मुख्यतः रस्त्याच्या आणि जंगलाच्या आधाराने.

ज्या गावाला रस्ता जन्म देतो, त्याला दुसरा रस्ता पोरके करू शकतो. १८०३ मध्ये कार्लोव्हाट्स ते रियेका असा नवा, अधिक सुगम रस्ता बांधायला घेतला गेला. नेपोलियनची पत्नी मारी लुईझ हिच्या नावावरून त्याला ‘लुइझियाना’ असे नाव पडले. हा रस्ता उत्तरेकडून, डेल्निट्से आणि लोक्वे या गावांवरून गेला. त्याबरोबर मोठी वाहतूकही तिकडे वळली. १८७३ मध्ये कार्लोव्हाट्स-रियेका रेल्वे सुरू झाली, तीही मर्कोपालला बाजूला ठेवून. शेकडो बैलगाड्यांचा माल एकाच आगगाडीत मावू लागल्यावर गाडीवानाने काय करायचे? काहींनी कुऱ्हाड हाती घेतली आणि परमुलखातल्या जंगलांत हंगामी लाकूडतोडीला जाऊ लागले. काही त्याच रेल्वेने बंदर गाठून अमेरिकेच्या जहाजात बसले.

त्या स्थलांतराची एक शाखा शंभर वर्षांनी उलटी वाहिली, हेही नमूद करायला हवे. मर्कोपालहून अमेरिकेत गेलेल्या एका जोडप्याची पणती, आयोवा राज्यातील लेखिका जेनिफर विल्सन, पती आणि दोन लहान मुलांसह काही महिने या गावात येऊन राहिली. त्या अनुभवावरचे तिचे पुस्तक २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

आज झाग्रेबहून रियेकाकडे जाणारा द्रुतगती महामार्ग याच डोंगरांतून, पुलांवरून आणि बोगद्यांतून जातो. त्यावरून जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांना आपण मर्कोपालच्या जवळून गेलो हे कळतही नाही.

आकड्यांमागची घरे

क्रोएशियाच्या १९९१ च्या जनगणनेत लोकसंख्या ४७,८४,२६५ होती. २०२१ च्या जनगणनेत ती ३८,७१,८३३ भरली. तीस वर्षांत नऊ लाखांहून अधिक माणसे कमी झाली. जन्म कमी झाले, १९९१ ते १९९५ चे युद्ध झाले, आणि २०१३ मध्ये देश युरोपीय संघात गेल्यावर जर्मनी, ऑस्ट्रिया, आयर्लंड येथे काम मिळणे सोपे झाले. २०२१ मध्ये देशात १५ वर्षांखालील मुले सुमारे १४ टक्के आणि ६५ वर्षांवरील माणसे २२ टक्क्यांहून थोडी अधिक होती. म्हणजे नातवंडांपेक्षा आजी-आजोबा जास्त.

डोंगरात हे चित्र अधिक गडद आहे. येथील ओहोटी विसाव्या शतकाच्या आरंभापासूनची. दुसऱ्या महायुद्धानंतर रियेकाच्या गोद्या आणि कारखाने यांनी गावातले तरुण ओढले. नंतर पश्चिम जर्मनीने. संपूर्ण गोर्स्की कोटारमध्ये २०११ मध्ये सुमारे २३,००० लोक उरले होते; आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढे. मर्कोपालच्या पालिका हद्दीत त्या वर्षी सुमारे १,२०० रहिवासी होते. त्यात मूळ गाव, शेजारचे सुंगेर आणि डोंगरातल्या छोट्या वाड्या आल्या. यांपैकी बेगोवो राझ्दोल्ये ही वाडी हजार मीटरहून उंचावर असून क्रोएशियातील सर्वांत उंच वस्ती म्हणून ओळखली जाते. तेथे कायम राहणारी माणसे पन्नासच्या आसपास.

गावातून चालताना हे आकडे डोळ्यांना दिसतात. घरे नीटनेटकी, छपरे बर्फ घसरून पडावे म्हणून तीव्र उताराची, भिंतीला लागून जळाऊ लाकडांची एकसारखी रास. पण तीन-चार घरांमागे एकाच्या खिडक्या बंद. ती घरे पडकी नाहीत. मालक शहरात आहेत आणि उन्हाळ्यात येतात. कोकणातल्या गावांत गणपतीला उघडणारी घरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कुलपांचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

तरीही गाव मरणपंथाला लागले आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. येथे बर्फावरच्या खेळांची जुनी परंपरा आहे. गावाजवळच्या चेलिंबाशा टेकडीवर मुले स्की शिकतात. झागमाय्ना येथे बायथलॉनचे, म्हणजे बर्फावर धावणे आणि नेमबाजी या जोडखेळाचे, केंद्र आहे. याच गावातल्या याकोव्ह फाकने २०१० च्या व्हँकूव्हर हिवाळी ऑलिंपिकमध्ये क्रोएशियाला बायथलॉनचे कांस्यपदक मिळवून दिले. पुढे तो स्लोव्हेनियाकडून खेळू लागला. गुणी मुले वाढवायची आणि इतरांना द्यायची, हे या गावाच्या वाट्याला नेहमीचेच आहे.

थंडीने घेतलेले सव्वीस

मर्कोपालहून दक्षिणेकडे डोंगरात गेले की मातिच पोल्याना नावाचे मोकळे कुरण लागते. उन्हाळ्यात ते हिरवेगार आणि शांत असते. त्या कुरणात ओळीने २६ दगडी शिळा उभ्या आहेत.

१९४४ च्या फेब्रुवारीत, १९ तारखेच्या रात्री, फॅसिस्टविरोधी प्रतिकार सेनेची एक तुकडी मर्कोपालच्या बाजूने निघून खोल बर्फातून यासेनाक गावाकडे चालली होती. कपडे अपुरे, पोट रिकामे, अंगात आधीचा थकवा. वाटेत २६ जण गोठून मेले. शत्रूची गोळी एकालाही लागली नव्हती. १९६९ मध्ये झ्देन्को सिला यांच्या रचनेनुसार त्यांच्या स्मरणार्थ ही शिळांची रांग उभारली गेली. पुढे मोठी शिळा, मागे बाकीच्या, जणू तुकडी अजून चालतेच आहे.

डॉक्टर म्हणून तेथे उभे असताना शरीराच्या हिशेबाचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आपल्या शरीराचे आतले तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या जवळ असते. ते ३५ अंशांच्या खाली गेले की त्या अवस्थेला हायपोथर्मिया, म्हणजे अतिशीतता, म्हणतात. प्रथम हुडहुडी भरते, हात नीट चालत नाहीत, जीभ जड होते. पुढे कापरे थांबते. पाहणाऱ्याला वाटते, बरे वाटू लागले. वस्तुतः धोका तेथेच वाढलेला असतो. माणूस गोंधळतो, झोपाळू होतो, ‘थोडे बसतो’ म्हणतो. बर्फात बसलेला असा माणूस बहुधा उठत नाही.

ते सैनिक तरुण होते. वृद्ध माणसाला यासाठी बर्फही लागत नाही. वयानुसार त्वचेखालची चरबी आणि स्नायू कमी होतात, कापरे भरण्याची ताकद घटते, थंडी वाजल्याची जाणीवच उशिरा होते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह, झोपेच्या गोळ्या आणि मद्य यांनी धोका वाढतो. रात्री न्हाणीघरात पडलेली आणि पहाटेपर्यंत ओल्या, गार फरशीवर राहिलेली व्यक्ती निफाडच्या किंवा महाबळेश्वरच्या हिवाळ्यातही अतिशीततेत जाऊ शकते. शिवाय थंडीत त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्तदाब वाढतो. म्हणून हिवाळ्यात हृदयविकाराचे आणि पक्षाघाताचे झटके अधिक दिसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये थंड हवामानाच्या देशांसाठी घरातले तापमान निदान १८ अंश असावे अशी शिफारस केली, ती याच कारणाने.

मर्कोपालमध्ये लाकडाची शेगडी ही चैन नव्हे, ती जीवनरक्षक आहे. मात्र धुराडे तुंबले किंवा बंद खोलीत जाळ धुमसला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि त्याने झोपेतच मृत्यू येऊ शकतो. आपल्याकडे थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपणाऱ्यांनी हे विसरू नये.

दारापर्यंत येणारे माणूस

क्रोएशियाच्या आरोग्यसेवेची घडण समजून घ्यायची तर आंद्रिया श्टांपार हे नाव घ्यावे लागते. १८८८ मध्ये जन्मलेल्या या डॉक्टरांनी दोन महायुद्धांच्या दरम्यान खेड्यांत आरोग्यकेंद्रे, स्वच्छ विहिरी आणि आरोग्यशिक्षण यांचा प्रसार केला. १९४८ मध्ये भरलेल्या पहिल्या जागतिक आरोग्य परिषदेचे ते अध्यक्ष होते. रुग्णाने डॉक्टरला शोधत फिरू नये, डॉक्टरने रुग्णापर्यंत जावे, हे त्यांच्या मूळ तत्त्वांपैकी एक होते. आज हे वाक्य सोपे वाटते. पण बर्फाने वाट अडलेल्या गावात त्याची किंमत कळते. मर्कोपालच्या रुग्णाला मोठ्या रुग्णालयासाठी रियेकालाच जावे लागते.

या तत्त्वाचा वारसा म्हणजे तेथील ‘पात्रोनाझ्ना सेस्त्रा’, म्हणजे घरोघरी जाणारी परिचारिका. बाळंतीण, नवजात अर्भक, दीर्घ आजारी आणि एकटे वृद्ध यांच्या घरी जाऊन ती विचारपूस करते, रक्तदाब पाहते, औषधे नीट घेतली जातात का हे तपासते. २०१७ पासून युरोपीय सामाजिक निधीच्या मदतीने ‘झाझेली’ नावाची योजनाही देशभर सुरू झाली. ज्या स्त्रियांना काम मिळणे कठीण असते, त्यांना नोकरी देऊन गावातल्या वृद्धांच्या मदतीला पाठवायचे, ही तिची कल्पना. त्या बाजारहाट करतात, लाकडे आत आणून ठेवतात, स्वयंपाक-साफसफाईला हात लावतात आणि दोन शब्द बोलून जातात. एकाच खर्चात एका घराला उत्पन्न आणि दुसऱ्या घराला आधार.

मी ज्यांच्याशी बोललो त्या आजीबाई ऐंशीच्या पुढच्या होत्या. मुलगी रियेकाला, नातू आयर्लंडमध्ये. गाडीचा चालक आमच्यामध्ये दुभाषा झाला होता. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या दिनदर्शिकेत काही तारखांभोवती निळी वर्तुळे होती; ते मदतनीस बाईंचे येण्याचे दिवस. शेजारी डॉक्टरांचा आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहिलेला. ‘शहरात मुलीकडे का जात नाही?’ या माझ्या प्रश्नावर त्या म्हणाल्या, की तिथे मुलगी कामाला गेली की दिवसभर दार कोणी वाजवत नाही. इथे सकाळी धुराड्यातून धूर दिसला नाही तर समोरची बाई लगेच येते.

धुराड्याचा धूर हाच तेथला निरोप. त्याचे मोल २०१४ मध्ये दिसले. त्या वर्षी जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीच्या आरंभी गोर्स्की कोटारवर गोठणारा पाऊस पडला. प्रत्येक फांदी, प्रत्येक तार बर्फाच्या जाड आवरणाखाली गेली. झाडे मोडली, विजेचे खांब कोसळले आणि हजारो घरे अंधारात गेली. अशा वेळी विजेवर चालणारे कोणतेही साधन उपयोगाचे नसते. उपयोगी पडतात ती आधी आत आणून ठेवलेली लाकडे, घरात असलेली औषधे आणि पायी येऊ शकणारा शेजारी.

आपल्या घरासाठी

वाचकहो, मर्कोपालचा हिवाळा आपल्याकडे नाही. पण एकटेपणा, पुराने तुटलेला रस्ता, गेलेली वीज आणि दूरचे रुग्णालय हे सर्व आपल्याकडेही आहे. म्हणून ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनी काही गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

१. रोजची एक खूण ठरवा. सकाळी ठरलेल्या वेळी खिडकी उघडणे, दारातले दूध आत घेणे किंवा एक फोन. खूण चुकली तर कोणी यायचे, हेही ठरलेले असावे. घराची एक किल्ली त्या व्यक्तीकडे द्यावी.

२. नेहमीची औषधे किमान दोन आठवडे पुरतील इतकी घरात असावीत. औषधांची आणि आजारांची यादी मोठ्या अक्षरांत भिंतीवर लावावी.

३. रात्री न्हाणीघराच्या वाटेवर मंद दिवा असावा, फरशी कोरडी असावी आणि भिंतीला धरायची दांडी असावी. पडल्यावर उठता येत नसेल तर हाक पोहोचेल किंवा हाताला लागेल असे काही, निदान एक घंटा, खालच्या उंचीवर ठेवावी.

४. थंडीत पातळ कपड्यांचे दोन-तीन थर, कानटोपी आणि पायमोजे वापरावेत. एखादी वृद्ध व्यक्ती गार पडली, बोलणे अडखळू लागले, गोंधळ किंवा गुंगी दिसली, तर ओले कपडे काढून कोरडी घोंगडी पांघरावी. ती पूर्ण शुद्धीवर असेल आणि नीट गिळता येत असेल तरच कोमट गोड पेय द्यावे. हातपाय जोरात चोळू नयेत, पायाशी निखारे ठेवू नयेत. मद्य तर मुळीच देऊ नये. त्याने त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि उरलीसुरली उष्णताही बाहेर जाते. अशा व्यक्तीला लगेच रुग्णालयात न्यावे.

५. परगावच्या मुलांनी फोनवर ‘कसे आहात?’ एवढेच विचारू नये. त्याला उत्तर ‘बरा आहे’ असेच येते. ‘आज काय जेवलात, कोण येऊन गेले, घराबाहेर कधी पडलात’ हे विचारावे. प्रकृतीचा खरा अंदाज त्यातून येतो.

मर्कोपालचा इतिहास वाचताना वाटते, की माणसे आणणारे आणि नेणारे रस्ते गावाच्या हातात नसतात. ते व्हिएन्नात, झाग्रेबमध्ये किंवा आणखी कुठे ठरतात. आपली मुले कोणत्या शहरात नोकरी करतील हेही बहुतांशी आपल्या हातात नाही. आपल्या दारापासून शेजारच्या दारापर्यंतची वाट मात्र आपल्याच हातात असते. ती वाट वहिवाटीची राहिली तर बाराशे माणसांच्या गावातही म्हातारपण निर्धास्त जाऊ शकते. ती मोडली तर भरगच्च शहरातल्या सोसायटीतही माणूस एकटा पडतो. या पंधरवड्यात शेजारच्या एका ज्येष्ठाचे दार वाजवून पाहावे. औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण हे औषधच आहे.